ऑटोकॅडमधली लीडर लाइन: रेघ आणि नोट एकत्र कशी बांधायची

ड्रॉइंगमधल्या एखाद्या भागाबद्दल काही लिहायचं असेल तर लीडर लाइन लागते. एका टोकाला बाण, मग तिरकी रेघ, शेवटी छोटा आडवा तुकडा आणि त्याला लागून मजकूर. नवशिके बहुतेक वेळा हे काम एक साधी लाइन आणि एक सुटा टेक्स्ट टाकून उरकतात. स्क्रीनवर फरक दिसत नाही. दुरुस्त्या सुरू झाल्या की मात्र दिसतो: प्लेट सरकवली तरी रेघ जुन्याच जागी, मजकूर हलवला तर रेघ मागे, आणि वेगळ्या स्केलचा व्ह्यूपोर्ट (शीटवर ड्रॉइंग दाखवणारी चौकट) केला की अक्षरं मुंगीएवढी.

यावर ऑटोकॅडचं उत्तर म्हणजे मल्टिलीडर: बाण, रेघ आणि मजकूर मिळून एकच ऑब्जेक्ट. २००८च्या आवृत्तीपासून तो आहे, ऑटोकॅडच्या एलटी या छोट्या आवृत्तीतही आहे. ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅड या तशाच सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाची कमांड मिळते. त्याआधीची क्यूलीडर कमांड (एलई टाइप केलं की येते) आजही चालते, पण ती रेघ आणि मजकूर असे दोन वेगळे ऑब्जेक्ट तयार करते आणि रूप डायमेन्शन स्टाइलकडून उसनं घेते. लीडरचा बाण मोठा करायला गेलात की सगळ्या मापांचे बाणही मोठे होतात. नवीन कामासाठी ती वापरू नये, हे आमचं स्पष्ट मत.

कमांडची नावं या लेखात देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आधी आकडे ठरवा

लीडर टाकण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा असतो: छापील कागदावर अक्षर किती मिलिमीटर उंच हवं? तांत्रिक ड्रॉइंगच्या अक्षरांसाठी आयएसओ ३०९८ या मानकात ठरावीक उंच्या दिल्या आहेत: १.८, २.५, ३.५, ५, ७ मिमी आणि पुढे. ए३ कागदावरच्या साध्या नोटला २.५ मिमी पुरते, मोठ्या शीटला ३.५ बरी. बाणाची लांबी अक्षराच्या उंचीएवढी ठेवली की दोन्ही एकमेकांना शोभतात.

आपण पुढे २.५ मिमी धरून चालू. अॅनोटेटिव्ह सोय (स्केलप्रमाणे नोटेचा आकार आपोआप ठरवणारी) न वापरता मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे वस्तू खऱ्या मापात काढतो तिथे, नोट टाकली तर ही उंची स्केलने गुणावी लागते: १:१०च्या ड्रॉइंगला २५, १:५०ला १२५, १:१००ला २५०. एकाच ड्रॉइंगमध्ये १:५०चा प्लॅन आणि १:१०चा डिटेल असला की हे गणित हाताशी धरून बसावं लागतं आणि कुठे तरी घोळ होतोच. अॅनोटेटिव्ह स्टाइलमध्ये तुम्ही फक्त कागदावरचे २.५ सांगता, गुणाकार ऑटोकॅड करतं.

स्टाइल तयार करणं

अर्धा वेळ इथेच द्या. पुढची दोनशे लीडर याच स्टाइलवर टाकली जातात.

आधी टेक्स्ट स्टाइल बघा. एसटी टाइप करून एंटर दाबा आणि जी स्टाइल वापरणार तिची उंची ० आहे ना, ते तपासा. तिथे ० सोडून दुसरा आकडा असेल तर मल्टिलीडर स्टाइलमधला उंचीचा रकाना करडा होऊन बंद पडतो. हा रकाना बंद का, म्हणून लोक तासभर शोधत बसतात.

मग एमएलएस टाइप करा, एंटर. मल्टिलीडर स्टाइल मॅनेजर उघडतो. ‘न्यू’वर क्लिक करा, नाव द्या (‘नोट २.५’ असं नावात माप ठेवलं तर नंतर ओळखायला सोपं), खालच्या ‘अॅनोटेटिव्ह’ चौकटीवर टिक करा आणि ‘कंटिन्यू’. मूळ ‘स्टँडर्ड’ स्टाइलला हात लावू नका. दुसऱ्याच्या फाइलमध्येही त्याच नावाची स्टाइल असते. तुमची ड्रॉइंग तिथे ब्लॉक (एकत्र बांधलेला गट) म्हणून आत गेली किंवा कॉपी करून चिकटवली, की त्या फाइलमधली ‘स्टँडर्ड’ टिकते आणि तुमच्या नोटांचं रूप पालटतं.

आता तीन टॅब दिसतात.

‘लीडर फॉर्मॅट’मध्ये प्रकार ‘स्ट्रेट’ ठेवा. ‘स्प्लाइन’ म्हणजे वळणदार रेघ. आर्किटेक्टच्या प्रेझेंटेशन ड्रॉइंगमध्ये ती छान दिसते, फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगमध्ये ती पाइप की केबल असा प्रश्न पडतो. रंग, लाइनटाइप आणि जाडी ‘बायलेयर’, म्हणजे लेयरची असेल तीच. बाणाचं चिन्ह ‘क्लोज्ड फिल्ड’, आकार २.५. ब्रेक साइज २ ठेवा. एखादी रेघ दुसऱ्या रेघेवरून जाताना डिमब्रेक कमांडने तोडली तर फट तेवढी पडते.

‘लीडर स्ट्रक्चर’मध्ये ‘मॅक्सिमम लीडर पॉइंट्स’ २ असतात: एक बाणाचा, एक लँडिंगचा, म्हणजे मजकुराजवळच्या आडव्या तुकड्याचा. मध्ये एक वाकण हवं असेल तर ३ करा. टिकच काढून टाकली तर कितीही बिंदू देता येतात, मात्र संपवायला एंटर दाबावा लागतो. ‘फर्स्ट सेगमेंट अँगल’मध्ये कोन बांधून ठेवता येतो, ६० निवडलं की रेघ ६०च्या पटीतच वळते. एका शीटवरच्या सगळ्या रेघा एकाच कलाने गेल्या तर ड्रॉइंग नीटनेटकं दिसतं, पण गर्दीच्या जागी हा निर्बंध अडचण करतो. सुरुवातीला तो मोकळाच ठेवा. लँडिंग आपोआप यावं यासाठी टिक ठेवा आणि लांबी ३ द्या.

‘कंटेंट’ टॅबमध्ये प्रकार ‘एमटेक्स्ट’ (अनेक ओळींचा मजकूर), तुमची टेक्स्ट स्टाइल, उंची २.५. खाली ‘लीडर कनेक्शन’ हा भाग बहुतेकजण न वाचताच पुढे जातात. रेघ मजकुराला नेमकी कुठे चिकटणार, ते इथे ठरतं. ‘लेफ्ट अटॅचमेंट’ला ‘मिडल ऑफ टॉप लाइन’ आणि ‘राइट अटॅचमेंट’ला ‘मिडल ऑफ बॉटम लाइन’ निवडा. म्हणजे रेघ डावीकडून आली तर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला लागते, उजवीकडून आली तर शेवटच्या ओळीच्या शेवटी. वाचणाऱ्याचा डोळाही तसाच फिरतो. ‘लँडिंग गॅप’ १.

आणि ‘एक्स्टेंड लीडर टु टेक्स्ट’वर टिक. याचं काम बारीक आहे, पण महत्त्वाचं. समजा नोट तीन ओळींची आहे, शेवटची ओळ एकाच शब्दाची, आणि लीडर उजवीकडून येतोय. टिक नसेल तर लँडिंग मजकुराच्या अदृश्य चौकटीच्या कडेला थांबतं आणि शेवटच्या शब्दापर्यंत भली मोठी रिकामी जागा उरते. टिक असेल तर ते त्या शब्दापर्यंत पोचतं.

‘ओके’, मग ‘सेट करंट’, मग ‘क्लोज’.

पहिला लीडर

उदाहरण म्हणून १२ मिमी जाडीची एक स्टील प्लेट घ्या, तिच्यात एम२० बोल्टसाठी २२ मिमी व्यासाची चार छिद्रं. ड्रॉइंग १:१०च्या स्केलला छापायचं आहे.

१. नोटांचा लेयर करंट करा. लीडर त्या क्षणी जो लेयर चालू असेल त्यावरच बसतो.

२. खाली स्टेटस बारवर अॅनोटेशन स्केल १:१० करा. ही पायरी कमांड देण्याच्या आधीच व्हायला हवी.

३. एफ३ दाबून ऑब्जेक्ट स्नॅप (क्लिक वस्तूच्या नेमक्या बिंदूवर पकडणारी सोय) चालू आहे ना, ते बघा. एंडपॉइंट (रेघेचं टोक), क्वाड्रंट (वर्तुळाचे चार बाजूंचे बिंदू) आणि निअरेस्ट (कडेवरचा जवळचा बिंदू) पुरे.

४. एमएलडी (मल्टिलीडर कमांड) टाइप करून एंटर. खालच्या ओळीत बाणाची जागा विचारली जाते.

५. एका छिद्राच्या वर्तुळावर क्वाड्रंट किंवा निअरेस्ट स्नॅप पकडून क्लिक करा.

६. प्लेटच्या बाहेर, रिकाम्या जागी, तिरकस दिशेने दुसरा क्लिक करा. लँडिंग आपोआप येतं आणि टेक्स्ट एडिटर उघडतो.

७. मजकूर लिहा. व्यासाच्या चिन्हासाठी दोन टक्केचिन्हं आणि लगेच इंग्रजी सी टाइप करा. त्याचं व्यासचिन्ह होतं. सी-ऐवजी डी दिलं तर अंशाचं चिन्ह. या छिद्रांसाठी नोट अशी: ‘४ छिद्रं, ⌀२२, एम२० बोल्टसाठी’.

८. एडिटरच्या पट्टीचं उजवं टोक ओढून मजकुराची रुंदी ठरवा आणि बाहेर क्लिक करून संपवा. रुंदी दिली नाही तर कितीही लांब नोट एकाच ओळीत पळत जाते.

स्नॅप पकडून क्लिक करायला सांगितलं, त्याला कारण आहे. डिमअसॉक या व्हेरिएबलची किंमत २ असेल (सहसा तीच असते) आणि बाण स्नॅपवर टेकवला असेल, तर बाणाचं टोक त्या वर्तुळाशी बांधलं जातं. पुढे छिद्र १५ मिमी सरकलं तर बाणही सरकतो, मजकूर जागेवर राहतो, मधली रेघ ताणली जाते. नुसता अंदाजाने क्लिक केला तर बाण हवेतच राहतो.

कधी कधी कमांड दिल्यावर बाणाऐवजी आधी मजकुराचीच जागा विचारली जाते. घाबरायचं कारण नाही. कुणी तरी ‘कंटेंट फर्स्ट’ पर्याय निवडलेला असतो आणि ऑटोकॅड तो लक्षात ठेवतं. त्याच ओळीतला ‘अॅरोहेड फर्स्ट’ निवडा. कमांडच्या आतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये केलेले बदलही असेच मागे रेंगाळतात, म्हणून कायमचे बदल स्टाइलमध्ये करावेत, तिथे नाही.

एक नोट, अनेक बाण

चारही छिद्रांना वेगवेगळी नोट लिहायची गरज नाही. एमएलई टाइप करा, आधीचा लीडर निवडा, मग उरलेल्या छिद्रांवर एकेक क्लिक करत जा आणि एंटर दाबा. सगळ्या रेघा त्याच लँडिंगपाशी येऊन मिळतात. नको असलेला बाण काढायलाही हीच कमांड, ‘रिमूव्ह’ पर्यायाने.

तरीही हात आवरता घ्या. तीनपेक्षा जास्त बाण एका नोटला जोडले की रेघांचं जाळं होतं. आपल्या प्लेटला एकच बाण पुरेसा आहे, कारण ‘४ छिद्रं’ हे शब्द बाकीचं सांगतात. अनेक बाण तिथे द्या जिथे एकसारखे भाग विखुरलेले आहेत आणि कोणते ते नुसतं बघून कळत नाही.

ओळीत लावणं

शीटच्या कडेला दहा नोटा असतील तर त्यांची डावी कड एका सरळ रेषेत हवी. हाताने ओढत बसू नका. एमएलए टाइप करा, सगळे लीडर निवडा, एंटर, ज्याच्या रेषेत बाकीचे आणायचे तो लीडर निवडा, मग माउस सरळ वर किंवा खाली नेऊन क्लिक. ऑर्थो (माउसची दिशा सरळ आडवी-उभीच ठेवणारी सोय) चालू ठेवा, एफ८, नाहीतर रांग किंचित तिरकी होते आणि ती छापल्यावरच लक्षात येते. याच कमांडच्या ऑप्शन्समध्ये दोन टोकांमध्ये समान अंतराने पसरवायचा ‘डिस्ट्रिब्यूट’ आणि ठरावीक अंतर ठेवायचा ‘स्पेसिंग’ पर्याय मिळतो.

असेंब्ली ड्रॉइंगमध्ये मजकुराऐवजी गोलातले क्रमांक लागतात. त्यासाठी दुसरी स्टाइल करा आणि ‘कंटेंट’ टॅबमध्ये ‘एमटेक्स्ट’ऐवजी ‘ब्लॉक’, त्यात ‘सर्कल’ निवडा. लीडर टाकताना ऑटोकॅड क्रमांक विचारतं. बोल्ट, वॉशर, नट असे तीन क्रमांक एकाच रेघेवर शेजारी शेजारी हवे असतील तर एमएलसी कमांडने ते गोळा होतात. ती फक्त ब्लॉकच्या लीडरवर चालते, मजकुराच्या नाही. शिवाय ज्या क्रमाने निवडाल त्याच क्रमाने गोल लागतात, म्हणून खिडकी ओढून एकदम निवडू नका, एकेक क्लिक करा.

रेघ कुठे टेकवायची, कशी न्यायची

सॉफ्टवेअर हे शिकवत नाही, पण तपासणारा आधी हेच बघतो. बाहेरच्या कडेवर टेकणाऱ्या लीडरला बाण, भागाच्या आतल्या क्षेत्रात (उदाहरणार्थ काँक्रीटच्या हॅचमध्ये, म्हणजे भाग भरायच्या नमुन्यात) संपणाऱ्या लीडरला ठिपका, आणि मापाच्या रेषेवर संपणाऱ्या लीडरला काहीच नाही. आयएसओ १२८ मालिकेतला हा नियम आहे. ठिपक्यासाठी प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये (कंट्रोल आणि १) बाणाचं चिन्ह ‘डॉट स्मॉल’ करता येतं. वारंवार लागत असेल तर त्याची वेगळी स्टाइल करणंच बरं.

रेघ शक्यतो तिरकी, ३० ते ६० अंशांच्या दरम्यान. पूर्ण आडवी किंवा उभी नेली तर ती वस्तूची कड किंवा मापाची रेषा वाटते. हॅच ४५ अंशांचा असेल तर लीडर ६०ने न्या, नाहीतर हॅचच्या रेघांत तो हरवतो. दोन लीडर एकमेकांना छेदू नयेत. छेदत असतील तर बहुतेक वेळा नोटांची अदलाबदल केली की गुंता सुटतो. वर्तुळाकडे जाणारी रेघ केंद्राच्या दिशेने असावी. तिरपी घासून गेली तर बाण परिघाला टेकलाय की पलीकडच्या रेषेला, ते कळत नाही.

नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी

*बाण दिसत नाही.* रेघेचा पहिला तुकडा बाणाच्या दुप्पट लांबीपेक्षा छोटा असेल तर ऑटोकॅड बाण काढतच नाही. मजकूर थोडा लांब ओढा, बाण परत येतो. तरी येत नसेल तर चिन्ह ‘नन’ झालंय का, ते बघा.

*मॉडेलमध्ये नोट दिसते, लेआउटमध्ये (छपाईच्या शीटवर) नाही.* सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लीडरला १:१० स्केल जोडलेलं आहे आणि व्ह्यूपोर्टचं अॅनोटेशन स्केल १:२० आहे, म्हणून तो तिथे लपतो. लीडर निवडा, ऑब्जेक्टस्केल कमांड द्या, यादीत १:२० जोडा. व्ह्यूपोर्टमध्ये माउसचं चाक फिरल्यामुळे स्केल भलतंच झालं असेल तर ते पुन्हा निवडून व्ह्यूपोर्ट लॉक करा. लॉक न केलेला व्ह्यूपोर्ट म्हणजे हा प्रश्न पुन्हा येणारच.

दुसरं स्केल जोडलं की त्याच लीडरचं आणखी एक रूप तयार होतं आणि प्रत्येक रूपातला मजकूर वेगळ्या जागी हलवता येतो. सोय मोठी आहे: १:५०च्या गर्दीत नोट दूर न्या, १:१०मध्ये जवळ ठेवा. ही हलवाहलव फार झाली आणि सगळं विस्कटलं तर अॅनोरीसेट कमांडने सगळी रूपं चालू स्केलच्या जागेवर परत येतात. मात्र स्टेटस बारवरचं ‘स्केल बदललं की आपोआप जोडा’ हे बटण बंद ठेवा. ते चालू असताना नुसती चाळवाचाळव म्हणून पाच स्केल बदलून पाहिली तर ती पाचही लीडरला चिकटतात.

*स्टाइल बदलली, पण काही लीडर तसेच.* त्यांची उंची किंवा बाण कुणी तरी प्रॉपर्टीज पॅलेटमधून सुटा बदललेला असतो. असा सुटा बदल स्टाइलपेक्षा वरचढ ठरतो. योग्य दिसणाऱ्या लीडरवरून एमए कमांडने गुणधर्म उचलून बिघडलेल्यांवर टाका.

*मजकूर हॅचमध्ये बुडतो.* एडिटरमध्ये मजकुरावर राइट क्लिक करून ‘बॅकग्राउंड मास्क’ द्या, ऑफसेट १.२च्या आसपास, आणि ‘यूज ड्रॉइंग बॅकग्राउंड कलर’वर टिक. तरी झाकला जात असेल तर क्रम उलटा आहे; टेक्स्टटुफ्रंट कमांडने नोटा वर आणा.

*अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं.* निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर किंवा चिन्ह नाही. टेक्स्ट स्टाइलमध्ये फॉन्ट बदला. नोटेत एखादं अक्षर तेवढं वेगळ्या फॉन्टचं करून वेळ मारून नेली तर पुढच्या दुरुस्तीत ते पुन्हा फुटतं.

*लीडर हलवताच मजकूर उलट्या बाजूला गेला.* ग्रिप (निवडल्यावर दिसणारा छोटा चौकोन) धरून मजकूर बाणाच्या पलीकडे नेला की लँडिंग आपोआप बाजू बदलतं. हा दोष नव्हे. मजकूर परत अलीकडे आणला की जोडणी पूर्ववत होते.

*एक्सप्लोड.* काहीजण लीडर ‘जुळत नाही’ म्हणून एक्सप्लोड करतात. मग सुट्या रेघा, भरीव त्रिकोण आणि मजकूर उरतो. स्टाइल, स्केल, बांधलेलं टोक, सगळं जातं, आणि ते परत जोडायची कमांड नाही. चुकून झालं तर तिथल्या तिथे यू टाइप करून मागे या.

स्टाइल दुसऱ्या फाइलमध्ये नेणं

एकदा जमलेली स्टाइल प्रत्येक ड्रॉइंगमध्ये नव्याने करायची नसते. कंट्रोल आणि २ दाबून डिझाइन सेंटर उघडा, जुन्या फाइलमधल्या ‘मल्टिलीडर स्टाइल्स’मधून ती ओढून नव्या ड्रॉइंगवर टाका. नव्या फाइलमध्ये त्याच नावाची टेक्स्ट स्टाइल आधीपासून असेल तर तिथलीच लागू होते, म्हणून फॉन्ट आणि उंची ० हे पुन्हा एकदा बघा. रोजच्या कामासाठी मात्र रिकाम्या ड्रॉइंगमध्ये दोन-तीन स्टाइल, नोटांचा लेयर आणि लागणारी स्केल ठेवून ती फाइल डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह करा. नवीन काम त्या टेम्प्लेटवरून सुरू केलं की एमएलडी देताच योग्य लीडर हातात येतो.